पन्नास मिनिटं

केयोन बंदरातल्या कालवं विकणाऱ्या संस्थेचा सर्व्हर
रात्री मरायचा आणि आपला आपणच उठायचा.
उठला की त्याच्या घड्याळात
एक जानेवारी, रात्रीचे बारा,
साल असं, की तेव्हा मी शाळेतही जात नव्हते.

म्हातारे एलेउतेरियो कार्कामो म्हणाले,
"आधी वायरी बघ, नायादेत. लाजू नकोस.
निम्मे आजार निसटलेल्या प्लगचेच असतात,
फक्त ते शोधणाऱ्याला कुणी हुशार म्हणत नाही."
प्लग घट्ट होते.
झाकण उघडलं.

आत धुळीपेक्षा मीठ जास्त.
मी बोट फिरवून जिभेला लावणार,
तेवढ्यात ते ओरडले,
"वीज कुणाची सोयरी नाही!"

चार पंखे. तिसरा कण्हत होता. बदलला.
त्या रात्री सर्व्हर पुन्हा मेला.

रॅमच्या पट्ट्या आठ.
एकेक काढायची,
सोनेरी दातांवरून खोडरबर हलकेच फिरवायचं,
खाचेत बसवून टक् होईपर्यंत दाबायची
आणि चालू करून ऐकत राहायचं.
तान्ह्या मुलासारखं त्याचं सगळं बोलणं रडण्यातच:
एक आखूड बीप म्हणजे पोट भरलंय,
लांबलचक म्हणजे पट्टी नीट बसली नाही.
आठही वेळा पोट भरलेलं.
त्या रात्री सर्व्हर पुन्हा मेला.

पाचव्या डिस्कचा दिवा पिवळा.
"हिला दुखणं आहे, पण खून हिने केलेला नाही,"
ते म्हणाले, "जुन्या घरात
प्रत्येकालाच काही ना काही होत असतं."
तरी बदलली. बाकीच्या डिस्का
गेलेलीचं सगळं आठवून आठवून नवीवर लिहीत बसल्या,
एकोणसत्तर टक्के लिहून झालं
आणि काळोख.

नवव्या दिवशी त्यांनी हात टेकले.
मदरबोर्ड, म्हणाले. सान्तियागोहून मागवावा लागेल. तीन आठवडे.
पण स्क्रू लावताना पुटपुटले,
"कुठंतरी पाणी मुरतंय."

पहारेकरी बाउदिलिओ दारात चहा पीत होता.
"पंखे थांबले की मला जाग येते," तो म्हणाला,
"सवय झालीय त्या आवाजाची.
मग किती वाजले ते लिहून ठेवतो."

वही मासळीच्या वासाची, पेन्सिलीची अक्षरं.
सोमवार, अकरा दहा.
मंगळवार, बारा.
बुधवार, बारा पन्नास.
गुरुवार, दोनला वीस कमी.

हे आकडे मला तोंडपाठ होते.
आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला
भरतीचं कोष्टक टांगलेलं असतं.
आई ओहोटीला कालवं काढायला जाते,
म्हणून आमच्या घरी जेवायची वेळ
रोज पन्नास मिनिटं पुढं सरकते,
आणि शेजारचे आम्हाला बेशिस्त म्हणतात.

शुक्रवारी रात्री आम्ही तिघं धक्क्यावर उभे राहिलो.
अडीचला पाणी चढलं, होड्या टेकल्या,
शेडमध्ये कुणीतरी बर्फाचं यंत्र सुरू केलं.
दिव्याने पापणी मिटली, उघडली.
आत, पंखे गप्प.

कोपऱ्यातला यूपीएस, ज्याच्यावर
सगळे नऊ दिवस आम्ही चहाची किटली ठेवत होतो,
तो उघडला. बॅटऱ्या फुगलेल्या,
भट्टीत विसरलेल्या पावांसारख्या.
एलेउतेरियो बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "मी पेटीत शोधत होतो."

नव्या बॅटऱ्या बसल्या.
घड्याळाची नाण्याएवढी बॅटरीही बदलली,
आता त्याला आजची तारीख राहते.
बर्फाच्या यंत्राला वेगळी लाइन हवी,
तो अर्ज मात्र अजून टेबलावरच आहे.

त्यांनी बिल केलं:
बॅटऱ्या, पंखा, एक डिस्क.
पट्ट्या घासण्याचे पैसे लावले नाहीत.
खोडरबर माझं होतं.

बाउदिलिओची मात्र तक्रार आहे:
आता जागच येत नाही.